चौथा वाटा

कोपरी, ठाणे
ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १८११ (सन १८८९)

चिरंजीव रघु,

सुझाना म्हणते, पत्राला सुरुवात चिरंजीव म्हणून करायची असते. मी म्हटलं, लिही बाई. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या मुलाला दुसरं काय म्हणतात ते मला तरी कुठे ठाऊक आहे. मी सांगते, ती लिहिते. सुझाना म्हणजे तळ्याजवळच्या चर्चच्या आळीतली, मासळी खारवायला आपल्याकडून मीठ नेते ती. तू तिला पाहिलं आहेस. आपल्या भिवालाही लिहिता येतं, तो आता मिठाच्या चौकीवर कारकून आहे, पण हे पत्र मला त्याच्याकडून लिहून घ्यायचं नाही.

तुझा ठावठिकाणा तांडेलाकडून कळला. गेल्या महिन्यात कराचीहून एक गलबत आलं. त्याचा तांडेल धक्क्यावर म्हणाला, कोपरीचा एक रघु तिकडे बंदराच्या कामावर मुकादम आहे, अंगाने भरला आहे, आणि खोकताना डावा हात छातीवर ठेवतो. तुझा बाप तसाच खोकायचा. मी तिथल्या तिथे पालथ्या टोपलीवर बसले.

आता कामाचं बोलते. मला वाटण्या करायच्या आहेत. लगेच मरत नाही मी, पण पायांना मिठाच्या आगरातलं पाणी आता सोसत नाही. भिवा नौपाड्यात बिऱ्हाड करायचं म्हणतो. चौकीवर बसायला लागल्यापासून त्याला खाडीचा वास येतो, त्याच खाडीत पोहून मोठा झाला तरी. धाकू इथेच राहील, त्याला मिठाशिवाय दुसरं काही येत नाही आणि नकोही आहे. आपल्याकडे काय आहे ते तुला माहीत आहे. मिठाचे बारा वाफे, चार खोल्या, तांब्याचा हंडा, दोन पितळी पराती, जातं, होडकं, माझी नथ आणि तुझ्या बापाचं फावडं. मध्यंतरी एक म्हैस आली आणि गेली.

रीत विसरला असशील म्हणून सांगते. आई वाटे मांडते. प्रत्येक वाट्यापुढे एक पळसाचं पान, पानावर मूठभर मीठ. धाकटा पहिला उचलतो, मग त्याच्या वरचा. कुणीच उचललं नाही असं जे शेवटी उरतं, ते मांडणाऱ्याचं. गावी नसलेल्याचा वाटा त्याची बायको उचलते, पण तिच्या हातात बांगड्या असल्या तरच. नसल्या तर तिला मरेपर्यंत दोन वेळचं जेवण, तेही दीर घालतील तसं.

येत्या भाद्रपदात तुला जाऊन बारा वर्षं पुरी होतात. बारा वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरतात, आणि पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भिवाने पंचांना घरी बोलावलं. धोंडीबा आता मुख्य पंच आहे. भिवा त्यांना म्हणाला, यंदा पितृपक्षात पुतळा करू आणि मग वाटणी करू. म्हणजे मुलांचे वाटे दोनच. सहा वाफे त्याला, सहा धाकूला, आणि तुझ्या जयाच्या बांगड्या त्याच दिवशी फुटायच्या. मी तांडेलाचं सांगितलं तर मला म्हणतो, "आये, रघु नावाचे शंभर असतील. त्याचे हातचा कागद दाखव."

तेव्हा तू ये. यायचं नसेल तर कागद पाठव. मी जिवंत आहे, एवढे तीन शब्द तुझ्या हातचे पुरेत. माझ्यासाठी पाठवू नकोस, मी मागायच्या लायकीची नाही हे मला कळतं. तुझ्या बायकोसाठी पाठव. ती अजून इथेच आहे, तुझ्या वाटणीचं काम तीच करते.

तू आजवर आम्हाला पत्र लिहिलंस की नाही, मला ठाऊक नाही. टपालात पत्रं हरवतात असं ऐकते.

तुझी आई, सखुबाई

सखुबाय दाराशी गेल्या आहेत तेवढ्यात मी, सुझाना, माझ्या मनाने दोन ओळी घालते. पत्र हरवलं नव्हतं. बाकीचं त्यांनीच सांगायला हवं.


आषाढ अमावास्या, शके १८११

रघु,

पावणेदोन महिने झाले, तुझा कागद नाही. आज दिव्यांची अवस. जयाने सगळे दिवे घासून पाटावर मांडले, आणि त्यातला एक तुझ्या नावाचा म्हणून वेगळा ठेवला. दर वर्षी ठेवते. मी दर वर्षी दुसरीकडे बघते.

मागच्या पत्राच्या शेवटी सुझानाने काहीतरी खरडलं हे मी पाहिलं होतं. काय ते तिने आज सांगितलं. आम्ही कडकडून भांडलो. मी तिला म्हटलं, तुला मीठ देणार नाही. ती म्हणाली, "नका देऊ, दुसरीकडून आणीन, पण खोटं पत्र मी परत लिवनार नाय." मग मी खाली बसले आणि म्हटलं, घे, लिही.

तुझं पत्र मिळालं होतं. तू गेलास त्याच्या पुढच्या साली, शिमग्याच्या आधी. टपालवाल्याने माझ्या हातात दिलं, जया आगरात होती, पोरं बाहेर होती. मी ते कमरेला खोचून तळ्यापर्यंत चालत गेले आणि सुझानाकडून वाचून घेतलं. तिला तिच्या देवाची शपथ घातली. अकरा वर्षं ती पाळते आहे आणि अकरा वर्षं मला त्यावरून बोलते आहे.

तू लिहिलं होतंस, जयाला कराचीच्या गलबतावर बसवून पाठव, तांडेल आपल्या ओळखीचा आहे. आणि लिहिलं होतंस, आई, त्या दिवशी मला कुणी पाठवलं होतं ते एकदा भिवा-धाकूसमोर सांग. एवढं सांगितलंस तर मीच परत येईन, जयाला पाठवायचीही गरज नाही.

मी सांगितलं नाही. आता इथे सांगते, कागदाला तरी कळू दे. त्या नारळी पौर्णिमेला उधाण मोठं होतं, आणि उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवायच्या त्या फळीची राखण तुझ्याकडे होती. सकाळी मीच तुला म्हटलं, फळी राहू दे, बाप आहे, तू मोहन्याला, तिच्या माहेरी जाऊन जयाला घेऊन ये. कशासाठी? तर नारळीभात करायला मला हात हवे होते. माझी कंबर दुखत होती. तू म्हणालास, बाबाला एकट्याला झेपणार नाही. मी म्हटलं, जा रे, फार शहाणपण करू नकोस. तू कल्याणहून दुपारच्या गाडीने जयाला घेऊन आलास तेव्हा बांध खचला होता, आणि तुझ्या बापाला चिखलातून मेलेला काढून आणलं होतं. सगळं गाव अंगणात होतं. मी सगळ्यांसमोर ओरडले, ह्याची पाळी होती, हा बायकोला आणायला गेला, ह्याचं तोंड मला पुन्हा दाखवू नका.

मी पाठवलं होतं असं तू कुणाला सांगितलं नाहीस. बापाचे तेरा दिवस होईपर्यंत घरात थांबलास. मला वाटलं दिवसांसाठी थांबलास. तू माझ्यासाठी थांबला होतास, मी एकदा खरं बोलेन म्हणून. हे मला सुझानाने पत्र वाचलं तेव्हा कळलं, आणि मग तर ते पत्र दाखवणं आणखीच अशक्य झालं. शिवाय जया गेली असती तर आगरात कोण उतरलं असतं? धाकू बारा वर्षांचा होता. तिने तीन वर्षांत तुझ्यासारखं मीठ ओढायला शिकून घेतलं. तिच्या टाचा बघवत नाहीत.

ते पत्र नथीच्या डबीत आहे. ते बाहेर काढलं तर पुतळ्याचा विषयच संपतो, कारण तुझी खबर आल्याला अकराच वर्षं झाली. पण ते वाचलं जाईल आणि मी काय केलं ते सगळ्यांना कळेल. म्हणून तुझ्या नव्या कागदासाठी मी एवढा जीव टाकते आहे. तो आला की जुना काढावा लागणार नाही. बघ, अजूनही मी माझंच पाहते आहे.

जयाने परवा नवा हिरवा चुडा भरला. कासाराला म्हणाली, जरा जाड दे, टिकेल असा.

आई


भाद्रपद शुद्ध द्वादशी, शके १८११

रघु,

तुझं पत्र काल पोचलं. सुझानाने वाचलं, मी म्हटलं पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं, तरी तेच होतं.

तिकडे तू बायको केलीस. दोन मुली आहेत. बरं झालं, मुली गुणी असोत. पुढे लिहितोस, बारा वर्षं झालीच आहेत, पुतळा जाळून टाका, मी मेलो असं समजा, आणि माझा वाटा जयाला द्या. तुला वाटलं असेल, चांगलं केलं, वाटा दिला. अरे, मीठ सोडल्यावर माणूस रीतही विसरतो का? तुला जाळलं तर तुझा वाटा मांडायचाच नाही. बांगड्या फुटलेल्या हाताने ती काय उचलणार? मरायचं आणि वाटाही द्यायचा, असं दोन्ही एकदम होत नाही. जिवंत असशील तरच तुझ्या वाट्याला पान आहे.

आणि ते शेवटचं वाक्य कशाला लिहिलंस? मला आता तिचा चेहरा आठवत नाही. कुणी विचारलं होतं तुला?

मी सुझानाला म्हटलं, हे चुलीत घालते. जुनं पत्र काढते, त्याने जयाच्या बांगड्या वाचतात. नवं तिला दाखवायचं नाही, तेवढंच तिचं मन राहील. सुझाना म्हणाली, "सखुबाय, पयल्या टायमाला पन तुमी तिचं भलं बघून लपवलं काय?" मी म्हटलं, नाही, तेव्हा माझं भलं बघितलं. ती म्हणाली, "मग आता तरी कसं ठरवतंव तिचं भलं कशात हाय ते?"

मला राग आला. तिला मीठ न देता परत पाठवणार होते. पण तिची टोपली मी आधीच भरून ठेवली होती.

पौर्णिमेला, पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी, मी वाटे मांडते आहे. भिवाला सांगितलं, पुतळ्याआधी मांडणार, मी मांडणारी आहे, दिवस माझा. तो धोंडीबाला घेऊन येतो म्हणाला. सुझानालाही मी बोलावलं आहे. मला भीती वाटते रघु. तुझा बाप गेला तेव्हाही एवढी वाटली नव्हती, कारण तेव्हा ओरडायला समोर तू होतास.

आई


आश्विन शुद्ध द्वितीया, शके १८११

रघु,

अक्षर ओळखलंस का? भिवाचं आहे. अंगणात बसून, दार उघडं ठेवून मी सांगते आहे आणि तो लिहितो आहे. आता ह्या घरात माझ्याकडे दडवायला काही राहिलं नाही.

पितृपक्ष संपला. पुतळा झाला नाही. काय झालं ते तुला कळायला हवं, कारण तुझाच वाटा होता.

पौर्णिमेच्या सकाळी मी ओटीवर चार पानं मांडली. धोंडीबाने पानं मोजली आणि म्हणाला, "वैनी, चौथं कुनाचं?" मी म्हटलं, रघुचं. दोन पानांपुढे धाकूचं आणि भिवाचं मांडलं, होडकं, पराती, नथ, खोल्या, वाफे, सगळं तोंडाने सांगून. तिसरं पान माझ्या पोटापुरतं, एक खोली आणि बापाचं फावडं. चौथ्या पानापुढे हंडा ठेवला, जातं ठेवलं, एक खोली आणि चार वाफे सांगितले. मग डबीतलं जुनं पत्र आणि कमरेचं नवं पत्र काढून मिठावर ठेवलं. सुझानाला म्हटलं, वाच, दोन्ही वाच, काही गाळू नकोस.

तिने वाचलं. मला कुणी पाठवलं होतं ते सांग, ह्या ओळीपाशी ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी पाठवलं होतं. नारळीभातासाठी. फळीची पाळी त्याची होती आणि मीच त्याला तिथून उठवलं.

भिवा उठून बांधाकडे गेला. वाटणीची गोष्ट निघेपर्यंत त्याने तुझं नाव घेतलं नव्हतं, कुणी घेतलं तर जेवणावरून उठायचा. आता हे लिहिताना त्याचा हात थांबला आहे. मी म्हटलं, लिही. तो म्हणतो, माझं मी लिहितो. मग लिही.

दादा, मी बांधावर उघाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तुला जाळायला मी पळसाचे देठ तोडून सुकत घातले होते. ते खाडीत टाकून आलो. भिवा.

तो परत येऊन आपल्या पानासमोर बसला, तोवर सुझाना नव्या पत्राच्या शेवटाला आली होती. तुझं ते शेवटचं वाक्यही तिने वाचलं. मी जयाकडे बघू शकले नाही. जया भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मना पन त्याचा नाय आठवत." एवढंच. मग माझ्याकडे वळली.

"आये, दर शिमग्याला मी तुमाला इचारलं, कागद आला काय. अकरा शिमगे इचारलं. तुमी नाय बोललाव."

मी हो म्हटलं.

धाकूने पहिला वाटा उचलला, मग भिवाने. उचलण्याआधी धाकूने जयाकडे पाहिलं, तो तिच्या हाताखाली वाढला आहे. धोंडीबा म्हणाला, आता रघुची बाईल. जया पुढे आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आधी वाटा उचलतंय. मग माजी काडी मोडून द्या. मना त्याचे नावाची राहाची नाय."

धोंडीबा म्हणाला, "काडी मोडाला नवरा लागतो. नवरा कराचीत."

मी म्हटलं, नवरा कागदावर बोलला आहे, तुम्ही ऐकलंत. हात माझा घ्या. त्याला इथून घालवला तो ह्याच हाताने. पंच आपसात बोलले, बराच वेळ बोलले. वाट्यात खोट काढता येईना, कारण तिच्या हातात बांगड्या होत्या आणि तू जिवंत होतास. काडीतही काढता येईना. शेवटी धोंडीबा म्हणाला, चालेल.

जयाने हंडा उचलून आपल्या खोलीत नेला. जातं एकटीला उचलेना, भिवा उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली. मग तिने पानावरचं मीठ पदरात घेतलं. घेताना दोन्ही पत्रं बाजूला केली. धाकू म्हणाला, "वैनी, कागद राहिलं." ती म्हणाली, "तवा पोचलं नाय. आता नको."

मग मी पेंढ्याची काडी घेऊन तिच्यासमोर मोडली. सुकी होती, पटकन मोडली. कुणीतरी बांगड्यांचं काहीतरी पुटपुटलं. जया म्हणाली, "ह्या मी माजे मिठावर भरल्यात, ह्यांना कोन हात लावतो ते बघतंय." कुणी लावला नाही.

आता तिची चूल वेगळी आहे, माझ्या चुलीपासून सहा पावलांवर. माझ्याशी बोलत नाही. परवा तिने बोंबील भाजले, वास इकडे आला, पण वाटी आली नाही. येऊ नयेच. दिवाळीनंतर चार वाफ्यांवर ती एकटी उतरणार आहे, आणि मोहन्याहून तिच्यासाठी एक स्थळ विचारून गेलं आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही. कुणाला घाई नाही, मला तर विचारायचा हक्कच नाही.

तू परत येशील की नाही ते तुझं तू बघ. ये असं म्हणायला मला तोंड नाही, येऊ नकोस असं मी आता पुन्हा म्हणणार नाही. तुझ्या मुलींची नावं मात्र कळव.

सगळे उठून गेल्यावर मी पानं गोळा केली. चौथ्या पानावर दोन कागद राहिले होते. उरलेलं मांडणाऱ्याचं, तेव्हा ते मी घेतले आणि डबीत ठेवले. नथ आता धाकूकडे गेली, डबीत जागा आहे. भिवा विचारतो, आई, वाचून दाखवू का? मी म्हटलं नको, मला ते पाठ आहेत.

आई